काव्यगत न्याय आणि मुका नायक

कथेच्या शेवटीं सज्जनाला यश यावें आणि दुर्जनाला त्याच्या कर्माचें फळ मिळावें, ही अपेक्षा मनुष्याच्या मनांत इतकी खोल रुजलेली आहे कीं, तिच्याकडे एक तपासून पाहण्याजोगें मत म्हणून बघणें देखील आपणांस जड जातें. आजीच्या मांडीवर ऐकलेल्या गोष्टींतला राक्षस मेला नाहीं, तर मूल झोंपत नाहीं. मोठेपणीं आपण राक्षस मानीत नाहीं. पण तो मेल्याखेरीज झोंप न येण्याची संवय मात्र सुटत नाहीं. ही संवय बाळगण्यांत आपण न्यायावर प्रेम करीत असतों कीं केवळ आपल्या झोंपेवर, असा प्रश्न गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं एका विचित्र निमित्तानें निघाला. त्याचा निकाल तेव्हां लागला नाहीं. परंतु तो प्रश्न प्रस्तुत लेखकाच्या मनांतून अद्याप गेलेला नसल्यामुळें, तो वाचकांपुढें मांडून पाहावा असें वाटलें.

निमित्त होतें एका इटालियन चित्रपटाचें. माझी पुतणी महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकते. सुट्टींत ती आमच्याकडे आली असतां एका रात्रीं तिनें सर्जिओ कोर्बुची या दिग्दर्शकाचा 'इल ग्रान्दे सिलेन्त्सिओ' (१९६८) हा चित्रपट आम्हांस दाखविला. त्या नांवाचें मराठी 'महामौन' असें करतां येईल. पाहणारांत माझी पत्नी, मी आणि माझे थोरले चुलते अण्णा असे होतों. अण्णांचें सारें आयुष्य न्यायाधीशाच्या कामांत गेलें. निवृत्त होऊन वीसएक वर्षें झालीं, तरी बोलणें अजून निकालपत्रासारखें. चित्रपट संपल्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग अण्णांनीं चष्मा पुसला आणि म्हणाले, "असला शेवट लिहिणारावर खटला भरला पाहिजे." पुतणी म्हणाली, "अण्णाआजोबा, याहून खरा शेवट दुसरा कोणता झाला असता?" तेथून जो वाद सुरू झाला तो मध्यरात्र उलटेपर्यंत चालला.

ज्यांचा या जातीच्या चित्रपटांशीं परिचय नाहीं, त्यांच्यासाठीं थोडी पूर्वपीठिका सांगणें अवश्य आहे. अमेरिकेच्या पश्चिम प्रदेशांतील गुराखी, दरोडेखोर आणि शेरीफ यांच्या कथा हॉलिवुडनें अर्धें शतक जगाला पुरविल्या. १९६४ सालीं सर्जिओ लिओने या रोमन दिग्दर्शकानें 'मूठभर डॉलरांसाठीं' अशा अर्थाच्या नांवाचा एक चित्रपट काढला. कथानक अकिरा कुरोसावा यांच्या 'योजिम्बो' (१९६१) या जपानी चित्रपटावरून उचललेलें. नायक क्लिंट ईस्टवुड हा त्या वेळीं फारसें नांव नसलेला अमेरिकन नट. माळरान स्पेनच्या आल्मेरिया प्रांतांतलें. संगीत एन्निओ मोर्रिकोने यांचें. आणि इटालियन माणसानें केलेला 'वेस्टर्न' कोण पाहणार, या भीतीनें दिग्दर्शकाचें नांव लावलें 'बॉब रॉबर्टसन' असें परकें. चित्रपट अतोनात चालला, आणि पुढील दहाबारा वर्षांत असे कित्येक शें चित्रपट इटलींतून बाहेर पडले. टीकाकारांनीं त्यांना 'स्पॅगेटी वेस्टर्न' म्हणून हिणविलें, व तेंच नांव पुढें रूढ झालें. त्यांतले बहुसंख्य टाकाऊ आहेत, हें त्यांच्या भक्तांनींहि मान्य करावें. परंतु त्यांतल्या निवडक दहापांच चित्रपटांनीं जी गोष्ट उघडपणें केली, ती करण्यास हॉलिवुड क्वचितच धजत असे. छातीवरचा शेरीफाचा तारा आणि न्याय हे दोन्ही एकाच ठिकाणीं असतात, हें गृहीतच त्यांनीं काढून टाकलें.

याचें कारण शोधण्यास फार लांब जावें लागत नाहीं. कोर्बुचीचा जन्म १९२६ चा, लिओनेचा १९२९ चा. दोघांचेंहि बाळपण मुसोलिनीच्या राजवटींत गेलें. गणवेश, हुकूम, शिक्का आणि कलम हीं सर्व जागच्या जागीं असूनहि न्याय मात्र जागेवर नसतो, हें ज्यानें लहानपणीं पाहिलें, त्याला चित्रपटांतल्या शेरीफाविषयीं आपोआप आदर वाटावा, ही अपेक्षा व्यर्थ होय. अमेरिकेंत स्थिति निराळी होती. तेथील चित्रपटव्यवसायानें १९३० सालीं स्वतःसाठीं एक नीतिसंहिता केली होती व १९३४ पासून ती कसोशीनें अंमलांत आणली. गुन्हेगाराविषयीं प्रेक्षकाला सहानुभूति वाटतां कामा नये आणि कायद्याची टवाळी होतां कामा नये, हा तिचा दंडक असे. ती रद्द झाली १९६८ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं 'महामौन' निघाला त्याच वर्षीं.

या दंडकाला हंसण्याचें मात्र कारण नाहीं. त्याची वंशावळ मोठी आहे. आपल्या मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त काव्याचीं प्रयोजनें सांगतांना, काव्य हें प्रेमळ पत्नीप्रमाणें गोडीनें उपदेश करतें असें म्हटलें आहे, आणि तो उपदेश कोणता, तर रामासारखें वागावें, रावणासारखें वागूं नये. आतां हा उपदेश श्रोत्याला पटावयाचा, तर राम जिंकलाच पाहिजे, हें उघड आहे. इंग्लंडांत टॉमस रायमर यानें १६७८ सालीं 'काव्यगत न्याय' ही संज्ञा प्रचारांत आणिली. त्यानंतर तीनच वर्षांनीं नेहम टेट या कवीनें शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चा शेवट बदलला. मूळ नाटकांत निरपराध कॉर्डेलिया तुरुंगांत फांशीं जाते आणि म्हातारा बाप तिचें प्रेत हातांवर घेऊन रंगभूमीवर येतो. टेटच्या नाटकांत ती जगते, तिचें लग्न होतें आणि राजाला राज्य परत मिळतें. इंग्लंडच्या रंगभूमीवर सुमारें दीडशें वर्षें टेटचाच 'लिअर' चालला. डॉक्टर जॉन्सनसारखा कणखर पुरुष देखील कॉर्डेलियाच्या मृत्यूनें इतका व्यथित झाला कीं, शेक्सपिअरचें संपादन करण्याची वेळ येईपर्यंत ते शेवटचे प्रवेश पुन्हां वाचण्याचें धैर्य त्याला झालें नाहीं. आणि आपल्याकडे भवभूतीनें काय केलें? वाल्मीकीच्या काव्यांत सीता धरणीच्या पोटांत जाते. 'उत्तररामचरितां'त ती रामाला परत मिळते. असे मोठमोठे लोक ज्या मोहाला वश झाले, त्याला केवळ बालिश म्हणून चालणार नाहीं.

आतां त्या चित्रपटाची कथा. काल १८९८ च्या सुमाराचा हिंवाळा, स्थल अमेरिकेंतील यूटा प्रांत. नेहमींचें तापलेलें माळरान येथें नाहीं, सर्वत्र बर्फ. हीं दृश्यें उत्तर इटलींतील डोलोमाइट पर्वतांत घेतलेलीं आहेत. स्नो हिल नांवाच्या गांवाबाहेरच्या डोंगरांत कांहीं दरिद्री लोक फरारी होऊन लपले आहेत. भूक त्यांना खालीं आणते, आणि खालीं त्यांच्या शिरावरचें सरकारी इनाम कमावणारे लोक बंदुका घेऊन वाट पाहात असतात. गांवचा पॉलिकट हा सावकारहि आहे आणि न्यायदानाचा अधिकारहि त्याच्याच हातीं आहे. लोक फरारी ठरण्यांत त्याचा फायदा आहे. इनामासाठीं मारणारांचा म्होरक्या लोको. हें काम क्लाउस किन्स्की या जर्मन नटानें असें केलें आहे कीं, त्याचा सौम्यपणाच अंगावर कांटा आणतो. तो आरडाओरड करीत नाहीं. प्रेतें बर्फांत नीट पुरून ठेवतो, त्यांचा हिशेब लिहितो, आणि आपण जें करतों तें सर्व कायद्याप्रमाणें आहे, असें जो विचारील त्याला शांतपणें सांगतो. यांत तो एक अक्षरहि खोटें बोलत नाहीं.

त्याच्या समोर उभा आहे तो नायक मुका. हें काम झां-लुई त्रँतिन्यां या फ्रेंच नटाचें. लहानपणीं त्याच्या डोळ्यांदेखत आईबाप मारले गेले, आणि त्यानें साक्ष देऊं नये म्हणून मारणारांनीं त्याचा गळा चिरून वाचा घालविली. म्हणून त्याला लोक 'सायलेन्स' म्हणतात. त्याची एक रीत आहे: तो कधीं आधीं शस्त्र काढीत नाहीं. प्रतिपक्ष्याला इतकें चिडवितो कीं, तोच प्रथम पिस्तुलाला हात घालतो. मग सायलेन्सची गोळी ही आत्मसंरक्षणाची गोळी ठरते. म्हणजे तोहि कायद्याप्रमाणेंच मारतो. पॉलीन नांवाची एक कृष्णवर्णीय विधवा नवऱ्याच्या खुनाचा सूड घेण्यासाठीं त्याला बोलाविते. ज्या कामासाठीं कायदा असतो तें काम कायद्याकडून करून घेऊं पाहणारा या सबंध कथेंत एकच मनुष्य आहे, तो म्हणजे नवा शेरीफ बर्नेट. फरारी लोकांना लौकरच माफी मिळणार आहे हें त्याला ठाऊक असतें, आणि तोंवर त्यांनीं जिवंत राहावें अशी त्याची धडपड असते. लोको त्याच्या पायाखालचा गोठलेल्या तळ्याचा बर्फ गोळ्यांनीं फोडतो, आणि शेरीफ पाण्यांत जातो.

शेवट असा. लोको भुकेल्या फरारी लोकांना दारूच्या गुत्त्यांत बांधून ठेवतो आणि सायलेन्सला बोलावणें पाठवितो. सायलेन्सचा हात एव्हांना जायबंदी झालेला आहे. न जाण्याचा मार्ग त्याला मोकळा आहे. तरी तो जातो. तो दारासमोर मारला जातो. पॉलीन त्याचें पिस्तूल उचलते, तीहि मारली जाते. मग आंत बांधलेले सर्व लोक मारले जातात. लोको मेलेल्या सायलेन्सचें पिस्तूल घेतो आणि इनामाचा हिशेब मागाहून करावयाचा असें ठरवून साथीदारांसह घोड्यावर बसून निघून जातो. त्याला कोणी अडवीत नाहीं. अडविण्यास कायदेशीर कारणच नाहीं.

अण्णांचा संताप समजण्याजोगा होता. त्यांचें म्हणणें मी येथें शक्य तितक्या प्रामाणिकपणें देतों, कारण तें उडवून लावण्यासारखें नाहीं. ते म्हणाले, "तीस वर्षें मीं लोकांना हेंच सांगितलें कीं, बाबांनो, कोयता खालीं ठेवा आणि न्यायालयांत या. कायदा हळू चालतो, कधीं चुकतो. पण त्याच्यावरचा लोकांचा विश्वास उडाला तर फायदा गरिबाचा होत नाहीं. ज्याच्यापाशीं जास्त बंदुका त्याचा होतो. तुमचा हा दिग्दर्शक तो विश्वास उडवितो आणि त्याच्या जागीं कांहींच देत नाहीं."

तेव्हां पुतणी म्हणाली कीं, या चित्रपटाला दुसराहि एक शेवट आहे, आणि तो तिच्यापाशीं आहे. ही गोष्ट खरी आहे. निर्मात्यांच्या समाधानासाठीं कोर्बुचीनें एक सुखान्त शेवट चित्रित करून ठेवला होता, व तो आज पाहावयास मिळतो. त्यांत तळ्यांत बुडालेला शेरीफ अकस्मात् घोड्यावरून येतो आणि लोकोला गोळी घालतो. सायलेन्सनें हाताला लोखंडी कवच बांधलेलें असतें, त्यामुळें तो वांचतो. बांधलेले लोक सुटतात. आणि शेरीफ सायलेन्सला आपला सहायक नेमतो. अण्णांनीं तीं थोडीं मिनिटें लक्षपूर्वक पाहिलीं. मला वाटलें होतें कीं त्यांचें समाधान होईल. परंतु तें संपल्यावर ते किंचित् खिन्नपणें म्हणाले, "पण हा शेरीफ इतका वेळ होता कोठें?"

हा प्रश्न त्यांच्या तोंडून सहज निघून गेला. पण माझ्या मनानें तो धरून ठेवला. सुखान्त शेवट अपुरा वाटला तो तो गोड होता म्हणून नाहीं. भवभूतीचा शेवटहि गोडच आहे. परंतु तेथें रामाला सीता मिळते ती त्यानें आपल्या कृत्याचें शल्य सबंध नाटकभर भोगल्यानंतर. येथें मात्र कोणी कांहीं भोगलें नाहीं, कोणाचें मन बदललें नाहीं. फक्त एक अधिकारी वेळेवर येऊन पोंचला.

याच जातीचीं आणखी दोन उदाहरणें मला आठवलीं. लिओनेच्या त्या पहिल्या चित्रपटांत नायक हा कोठून आला, कशासाठीं आला, हें कोणी सांगत नाहीं. तो एका गांवांतल्या दोन टोळ्यांना झुंजवितो आणि दोन्हींकडून पैसे घेतो. पुढें १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील एका दूरचित्रवाणी-संस्थेला तो प्रक्षेपित करावयाचा होता. पण निर्हेतुक मारणारा नायक कुटुंबांत कसा दाखवावा, ही तिला अडचण पडली. म्हणून तिनें एका दुसऱ्या दिग्दर्शकाकडून चारपांच मिनिटांचा एक नवा आरंभ तयार करून घेतला. त्यांत तुरुंगाचा एक अधिकारी नायकाला बोलावून सांगतो कीं, अमुक गांवच्या टोळ्यांचा बंदोबस्त कर, तुला सोडून देतों. ईस्टवुड स्वतः त्या चित्रणास हजर नव्हता. नायकाचें तोंड नीटसें दिसणार नाहीं अशी तजवीज करावी लागली. या आरंभानंतर पुढील चित्रपट जसाच्या तसा. तींच माणसें मरतात, तितकींच मरतात, त्याच रीतीनें मरतात. बदललें काय? फक्त एवढेंच कीं, आतां तें सर्व एका अधिकाऱ्याच्या हुकुमानें होतें.

दुसरें उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचें आहे. 'शोले' (१९७५) या चित्रपटावर लिओनेचें ऋण किती आहे, हें ठाकुराच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग पाहून जाणकाराला लगेच ओळखतां येतें. मूळ चित्रणांत ठाकूर गब्बरला आपल्या पायांनीं ठार करतो. आणीबाणीचे दिवस होते. परीक्षण-मंडळाला तें मानवलें नाहीं. एका माजी पोलीस अधिकाऱ्यानें कायदा हातीं घ्यावा हें कसें दाखवावें? म्हणून शेवट पुन्हां चित्रित झाला, आणि अगदीं शेवटच्या क्षणीं पोलीस येऊन गब्बरला घेऊन जातात. तो मूळ शेवटहि आतां लोकांनीं पाहिला आहे. पण आमच्या पिढीनें चित्रगृहांत पोलिसांचाच शेवट पाहिला, आणि अण्णांचा प्रश्न तेथेंहि लागू पडतो.

हीं तीन उदाहरणें शेजारीं ठेवून पाहिलीं, तर काव्यगत न्यायाच्या नांवाखालीं काय मागितलें जातें, हें स्पष्ट होतें. तिन्ही ठिकाणीं जें घातलें तें पुण्य नाहीं, करुणा नाहीं, पश्चात्ताप नाहीं. तिन्ही ठिकाणीं एक अधिकारी घातलेला आहे: एकांत शेरीफ, एकांत तुरुंगाधिकारी, एकांत पोलीस. मम्मटानें मागितला होता राम. आपण शिक्क्यावर समाधान मानलें. आणि ज्या कथेचा विषयच मुळीं असा आहे कीं, शिक्का खुन्याच्याच खिशांत आहे, तिच्या शेवटीं दुसरा एक शिक्केवाला आणून बसविणें, म्हणजे दुखणें लपवून वर पट्टी बांधण्यासारखें आहे. लोकोचा अपराध तो कायदा मोडतो हा नाहीं. तो कायदा पाळतो, आणि पाळला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें मानतो, हा त्याचा अपराध आहे.

हें वाक्य लिहितांना माझा हात अडखळतो, आणि कां अडखळतो हें वाचकांपासून लपविणें योग्य होणार नाहीं. पंधरासोळा वर्षांपूर्वीं मी एका संस्थेंत असतांना तेथील प्रयोगशाळेंतून कांहीं किंमती साहित्य नाहींसें झालें. चौकशीसाठीं तिघांची समिति नेमण्यांत आली. त्यांत मी एक होतों. प्रयोगशाळेची किल्ली एका परिचराकडे असे. ती आणखी दोघांकडे असे, हें आम्हां तिघांनाहि ठाऊक होतें. पण त्यांपैकीं एकाला चौकशीस बोलावणें कोणालाच सोयीचें नव्हतें. मीं तो प्रश्न एकदां काढला. तो समितीच्या कक्षेंत येत नाहीं, असें मला सांगण्यांत आलें, आणि कागद पाहिला तर खरोखरच तो येत नव्हता. परिचराला लेखी सूचना दिली, उत्तराला नियमांत सांगितलेली मुदत दिली, त्याचें म्हणणें ऐकलें, तें नोंदविलें. अहवालांत एकहि वाक्य खोटें नव्हतें. मीं सही केली. त्याची नोकरी गेली.

जाण्यापूर्वीं तो मला भेटावयास आला. मीं कांहीं बोलण्याच्या आधींच तो म्हणाला, "सर, तुम्ही वाईट वाटून घेऊं नका. सगळें नियमाप्रमाणेंच झालें." हें तो कडवटपणें म्हणाला नाहीं, माझी अडचण ओळखून, मला मोकळें करण्यासाठीं म्हणाला. आणि मला सांगण्यास लाज वाटते कीं, मी मोकळा झालों. त्या रात्रीं मला चांगली झोंप लागली. तो निर्दोषी होता कीं नाहीं, हें मला आजहि निश्चित सांगतां येणार नाहीं. निश्चित सांगतां येईल असा शोध आम्हीं केलाच नाहीं, हाच माझा दोष. 'महामौन' पाहतांना लोको जेव्हां पहिल्यांदा म्हणाला कीं, हें सर्व कायद्याप्रमाणें आहे, तेव्हां मला तो आवाज ओळखीचा वाटला. आणि किन्स्कीला तर मीं त्यापूर्वीं फारसें पाहिलें नव्हतें.

आतां अण्णांच्या आक्षेपाकडे वळूं. असल्या कथेनें मनुष्य निराश होऊन हातपाय गाळील, हें भय खरें आहे. प्लेटोनें आपल्या 'रिपब्लिक'मध्यें, अन्यायी सुखी असतात आणि न्यायी दुःखी असतात असें कवींना बोलूंच देऊं नये, असें म्हटलें आहे. परंतु त्याच ग्रंथाच्या आदल्या भागांत ग्लॉकन हा तरुण सॉक्रेटिसाला आव्हान देतो कीं, एक पूर्ण न्यायी पुरुष घे, त्याची कीर्ति काढून घे, त्याला छळून ठार मारूं दे, आणि मग सांग कीं न्यायानें वागणें चांगलें. न्यायाची परीक्षा करावयाची तर त्याच्याभोंवतीं गुंडाळलेलीं सर्व बक्षिसें काढून टाकलीं पाहिजेत, हें त्या तरुणानें अचूक ओळखलें. कोर्बुचीनें बर्फांत उभा केलेला माणूस हा ग्लॉकनचाच माणूस आहे. तो जिंकणार नाहीं हें आपल्याला दिसतें, त्यालाहि दिसतें; तरी तो गुत्त्याच्या दाराकडे चालत जातो. त्या चालण्याला कांहीं अर्थ आहे कीं नाहीं, हें आतां त्याच्या विजयावरून ठरवितां येत नाहीं. तें आपल्यालाच ठरवावें लागतें. फलाची आशा सोडून कर्म करावें, हें आपण गीतेचें नांव घेऊन नेहमीं म्हणतों. पण कथेंत मात्र फल हातीं पडल्याखेरीज उठत नाहीं.

मात्र एक सावधगिरी पाहिजे. दुर्जन जिंकतो एवढ्यानेंच कोणतीहि कथा खरी होत नाहीं. त्या कित्येक शें चित्रपटांपैकीं पुष्कळांत सगळेच लबाड असतात, सगळेच पैशासाठीं मारतात, आणि प्रेक्षक हंसत घरीं जातो. लिओनेचा 'चांगला, वाईट आणि कुरूप' या अर्थाच्या नांवाचा चित्रपट (१९६६) मीं विद्यार्थिदशेंत सकाळच्या खेळाला पाहिला, तो मला अजून आवडतो. पण त्यांतल्या 'चांगल्या'ला तें विशेषण थट्टेनेंच लावलेलें आहे, आणि ती थट्टा मोठी सुखकर असते. जग असेंच आहे, सगळे सारखेच, मग माझ्याकडून काय अपेक्षा? हा निष्कर्षहि झोंप आणणारा आहे. किंबहुना शेरीफाच्या आगमनापेक्षां तो अधिक गाढ झोंप आणतो. 'महामौन' ही झोंप येऊं देत नाहीं, कारण त्यांत चांगुलपण खरें आहे. पॉलीनचें दुःख खरें आहे, शेरीफाचा प्रामाणिकपणा खरा आहे, भुकेल्या माणसांची माफीची आशा खरी आहे. जें बुडालें तें मोलाचें होतें, हें प्रेक्षकाला कळतें. म्हणूनच तें बुडालें याचा हिशेब त्याच्या अंगावर राहतो.

तेव्हां माझ्यापुरतें मीं असें ठरविलें आहे कीं, शेवट सुखाचा कीं दुःखाचा, हा प्रश्न दुय्यम आहे. ती कथा माझें देणें माझ्या वतीनें कोणा तिऱ्हाइताकडून फेडून घेते, कीं तें माझ्याकडेच ठेवते, हें पाहावें. मुलांच्या गोष्टींत राक्षस मरूं द्यावा. मुलाचें अजून कांहीं देणें नसतें. कधीं दुःखानें खचलेल्या मनाला भवभूतीचाच शेवट पाहिजे असतो, आणि तो देणारा कवि लहान ठरत नाहीं. पण ज्यांच्या हातांत सही करण्याचा अधिकार आहे, अशा आपणां सुशिक्षित गृहस्थांनीं अधूनमधून ज्या कथेंत शेरीफ येत नाहीं अशी एखादी कथा पाहावी, हें बरें.

त्या रात्रीं परिचराची हकीकत मीं अण्णांना सांगितली. घरांत ती पूर्वीं कोणाला सांगितली नव्हती. मला वाटलें होतें, ते म्हणतील कीं, समितीची कक्षा ठरलेली होती, तुझा इलाज नव्हता. न्यायाधीशाच्या तोंडून तें ऐकण्याची माझी इच्छाहि होती, हें मी नाकारीत नाहीं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अरे, तो मनुष्य आतां कोठें असतो?"

मीं म्हटलें, "माहीत नाहीं."

"मग माहीत करून घे," ते म्हणाले, आणि काठी घेऊन झोंपावयास गेले.

माहीत करून घेण्यास दोन महिने लागले. पत्ता आतां माझ्या मेजावर आहे. जाऊन काय बोलावयाचें, हें अद्याप मला सुचलेलें नाहीं. परंतु हा लेख छापून येण्यापूर्वीं गेलें पाहिजे, एवढें खरें.